आमच्या घराच्या कागदांतली एक अट

प्रति,
संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या पत्रसदरात एका वाचकानं अमेरिकेतल्या वर्णभेदाबद्दल लिहिलं होतं. त्यांचं म्हणणं असं की, गुलामगिरी १८६५ साली संपली, नागरी हक्कांचा कायदा १९६४ साली झाला, पुढे एक कृष्णवर्णीय माणूस राष्ट्राध्यक्षही झाला, तेव्हा अमेरिकेनं आता जुनी मढी उकरणं थांबवावं आणि पुढे बघावं. ते पत्र मी तीनदा वाचलं. जवळजवळ याच शब्दांत हेच वाक्य मी १९८३ साली एका बाईला तिच्या तोंडावर बोलले होते. त्याबद्दलच लिहायचं आहे. पत्र लांबणार आहे. जागा कमी पडली तर मधला मजकूर कापा, पण घराच्या कागदांचा भाग तेवढा ठेवा.

मी १९७४ पासून मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिस शहरात राहते. एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तेहतीस वर्षं काम करून निवृत्त झाले. २०२१ मध्ये माझे यजमान गेले. पुढच्या हिवाळ्यात त्यांचे कागद लावताना बँकेच्या लॉकरमधला एक जाड गठ्ठा उघडला. इथे त्याला ‘ॲबस्ट्रॅक्ट’ म्हणतात. या राज्यात बऱ्याच जुन्या घरांबरोबर तो येतो. ती जमीन सरकारकडून पहिल्यांदा कोणी घेतली तिथपासून थेट तुमच्यापर्यंत प्रत्येक खरेदी, गहाण, वारस, तंटा यांची त्यात ओळीनं नोंद असते. जमिनीची वंशावळच म्हणा. (पहिल्या पानावर जमीन सरकारकडून आली असं लिहिलेलं आहे. सरकारकडे ती इथल्या मूळच्या डाकोटा लोकांकडून कशी आली, हे आमच्या गठ्ठ्यात कुठल्याच पानावर नाही.) १९७८ साली घर घेतलं तेव्हा हा गठ्ठा आमच्यापुढे ठेवला होता. आम्ही शेवटची पानं पाहिली, आपली नावं बरोबर आहेत ना ते बघितलं आणि सह्या केल्या.

आता वेळच वेळ होता, म्हणून सगळं वाचत बसले. विसाच्या दशकात शेताचे प्लॉट पाडले गेले, त्या वेळच्या खरेदीखतात गटार, कुंपण, रस्त्यापासून किती फूट सोडायचे अशा अटी होत्या. त्यांच्याच रांगेत, त्याच टाइपात, पुढची अट होती. मराठीत ती अशी होईल: ‘सदर जागा कॉकेशियन वंशाखेरीज अन्य कोणत्याही व्यक्तीस कधीही विकता, गहाण ठेवता अथवा भाड्याने देता येणार नाही, व अशा व्यक्तीने तेथे राहता कामा नये, मालकाच्या घरी राहणारे नोकरचाकर यांस ही अट लागू नाही.’

कॉकेशियन म्हणजे गोरा. मी ज्या टेबलाशी बसून हे वाचत होते, ते टेबल त्याच जागेवर होतं. ‘नोकरचाकर’ या शब्दावर मी किती वेळ थांबले, सांगता येत नाही.

मग चौकशी केली. मिनेसोटा विद्यापीठात ‘मॅपिंग प्रेजुडिस’ नावाचा प्रकल्प २०१६ पासून चालू आहे. जुनी खरेदीखतं संगणकात घालून त्यातले संशयास्पद शब्द वेगळे काढायचे, मग स्वयंसेवकांनी एकेक दस्त डोळ्यांखालून घालायचा आणि अशी अट सापडली की नकाशावर ते घर दाखवायचं, असं हे काम. एकट्या मिनियापोलिसमध्ये अशी आठ हजारांहून जास्त घरं निघाली. पहिली अट १९१० सालची. तिच्यात तर चिनी, जपानी, मूर, तुर्क, निग्रो, मंगोल आणि आफ्रिकी रक्ताचे अशी यादीच होती. नकाशा पाहिला की शहराची सगळी रचना उलगडते. तळ्यांच्या काठचे, ओढ्याकाठचे, बागांलगतचे भाग ठिपक्यांनी भरून गेले आहेत. आम्ही घर घेताना दलालानं याच भागाला ‘पहिल्यापासून चांगली वस्ती’ म्हटलं होतं. आम्हीही पुढे आलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला हेच सांगितलं.

अशा अटींमागे सरकारही होतं. गृहकर्जांना हमी देणारी ‘एफएचए’ ही सरकारी संस्था १९३४ साली निघाली आणि तिच्या नियमपुस्तिकेत अशा अटी घालाव्यात असं सुचवलेलं होतं. ज्या वस्तीत वंशांची सरमिसळ होईल, तिथलं कर्ज धोक्याचं मानलं जाई. म्हणजे कृष्णवर्णीय माणसाकडे पैसे असले तरी चांगल्या वस्तीत घर नाही, आणि त्याच्या स्वतःच्या वस्तीत कर्ज नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९४८ साली सांगितलं की अशा अटी कोर्टानं अमलात आणायच्या नाहीत. मिनेसोटानं १९५३ साली नव्या अटी घालायला बंदी केली. जुन्या मात्र कागदावर राहिल्या आणि दलालांच्या वागण्यात राहिल्या.

वर्णभेद हा दक्षिणेतल्या राज्यांचा रोग, असं आपण समजतो. मीही समजत होते. मिनेसोटा उत्तरेत, कॅनडाच्या सीमेवर. इथले लोक मवाळ, बोलायला गोड. पण इथलाच १९३१ सालचा उन्हाळा ऐका. आर्थर ली नावाचा कृष्णवर्णीय गृहस्थ, पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढून आलेला, टपाल खात्यात नोकरीला. त्यानं आणि त्याच्या बायकोनं, इडिथनं, कोलंबस ॲव्हेन्यूवर, गोऱ्यांच्या वस्तीत, एक छोटं घर घेतलं. जुलैमध्ये त्या घरापुढे हजारोंचा जमाव रात्रीमागून रात्री जमत होता. दगड, शिव्या, धमक्या. ली म्हणाला, मी फ्रान्सच्या चिखलात या देशासाठी लढत होतो तेव्हा मला कोणी निघून जा म्हटलं नाही. त्याची सहा वर्षांची मुलगी पोलिसांच्या सोबतीनं बालवर्गात जायची. त्यांचं वकीलपत्र घेतलं लीना ऑलिव्ह स्मिथ यांनी, राज्यातल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला वकिलांनी. त्यांनी घर विकू दिलं नाही. सुमारे दोन वर्षं ते कुटुंब तिथे राहिलं आणि मग गेलं. ते घर २०१४ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत आलं. त्याच्यासमोरून मी चाळीस वर्षं गाडी चालवली आहे.

आता १९८३.

प्रयोगशाळेत माझ्याबरोबर एक कृष्णवर्णीय तंत्रज्ञ होती, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिचं नाव लिहीत नाही, तिला ते आवडणार नाही. मी नवी असताना यंत्रांची रीत तिनं मला शिकवली, माझे उच्चार कोणाला कळले नाहीत की ती मध्ये पडायची. त्या वर्षी मे महिन्यात मी तिला पहिल्यांदा घरी जेवायला बोलावलं. ती आली, अंगणात उभी राहिली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहत म्हणाली, “माझे वडील या रस्त्यावर घर बघायला आले होते. दलालानं गाडीतून उतरूच दिलं नाही.” मी म्हटलं, “पण आता तसं काही राहिलं नाही ना? जुनं किती दिवस धरून ठेवायचं?”

ती काही बोलली नाही. आत आली, जेवली, माझ्या लेकीसाठी आणलेलं पुस्तक तिनं दिलं. त्यानंतर आम्ही सव्वीस वर्षं शेजारी शेजारी काम केलं, पण वडिलांचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. मी तिचं सांत्वन केलं, असं मला कित्येक वर्षं वाटत होतं.

ॲबस्ट्रॅक्टमधली ती अट सापडल्यावर मी तिला फोन केला. ती नदीपलीकडे सेंट पॉलला राहते. मी तो कागद घेऊन तिच्याकडे गेले आणि तेव्हा तिनं सगळं सांगितलं. तिचे वडील रेल्वेच्या शयनयान डब्यांत परिचर होते. सेंट पॉलच्या रोंडो या वस्तीत त्यांचं स्वतःचं घर होतं, परसात सफरचंदाचं झाड होतं. रोंडो म्हणजे त्या शहरातल्या कृष्णवर्णीयांचं हृदय: दुकानं, चर्च, न्हाव्याची दुकानं, वर्तमानपत्र, गाण्याच्या बैठका. १९५६ नंतर तिथून आय-९४ हा महामार्ग काढण्यात आला. दुसराही एक मार्ग अभियंत्यांपुढे होता, रेल्वेरुळांच्या कडेनं. तो घेतला नाही. सहाशेहून अधिक घरं पाडली. तिच्या वडिलांना जी किंमत मिळाली, तिच्यात दुसरीकडे तसं घर येत नव्हतं, आणि जिथे येत होतं तिथे त्यांना कोणी दारात उभं करीना. म्हणून ते नदी ओलांडून आमच्या भागात आले होते. गाडीतून न उतरता परत गेले. मरेपर्यंत भाड्याच्या घरात राहिले.

“त्यांच्या भावांना वाटायचं, पैसे उडवले म्हणून घर झालं नाही,” ती म्हणाली. “आईलाही कधीकधी तसं वाटायचं. दलालानं तोंडी सांगितलेलं, पुरावा काय दाखवणार?”

तिनं अट दोनदा वाचली. रडली नाही, माझ्यावर रागावलीही नाही. म्हणाली, “मला याची झेरॉक्स दे.”

संपादक महोदय, इतिहास उकरून काय मिळतं, असा प्रश्न आपल्या वाचकानं विचारला आहे. माझ्या मैत्रिणीला तिच्या वडिलांची अब्रू परत मिळाली. चाळीस वर्षांपूर्वी मीच तिला तो विषय सोडून दे म्हणून सांगितलं होतं, आणि तो पुरावा तेव्हाही आमच्याच लॉकरमध्ये होता.

आपल्या लोकांचं ठरलेलं उत्तर मला ठाऊक आहे. आम्ही काही कोणाला गुलाम केलं नाही, आम्ही नंतर आलो, कष्ट केले, वर आलो. कष्टांचं म्हणणं खरं आहे. ह्यांनी पहिली दोन वर्षं एकच कोट घालून काढली. पण आम्हाला येऊ कोणी दिलं? १९१७ च्या कायद्यानं आशियाच्या बहुतेक भागांतून अमेरिकेत येणंच बंद केलं होतं. १९२३ साली भगतसिंग थिंड यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. अमेरिकन सैन्यात राहिलेला हा शीख गृहस्थ म्हणत होता, तुमच्याच शास्त्राप्रमाणे मी कॉकेशियन आहे, मला नागरिकत्व द्या. न्यायालयानं एकमतानं सांगितलं की शास्त्र काही म्हणो, सामान्य गोऱ्या माणसाच्या समजुतीनुसार तू गोरा नाहीस. त्यानंतर आधी नागरिक झालेल्या कित्येक भारतीयांचं नागरिकत्व काढून घेतलं. १९४६ साली दार किलकिलं झालं ते वर्षाला शंभर माणसांपुरतं. ते खऱ्या अर्थानं उघडलं १९६५ साली. त्या वर्षी मार्चमध्ये अलाबामातल्या सेल्मा गावच्या पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीय मोर्चेकऱ्यांची डोकी फुटली, ६ ऑगस्टला मतदान हक्काच्या कायद्यावर सही झाली आणि ३ ऑक्टोबरला, दोन महिन्यांच्या आत, नव्या स्थलांतर कायद्यावर. तोच राष्ट्राध्यक्ष, तीच संसद, आणि वंश पाहून माणसाची लायकी ठरवणं चूक आहे ही समज रस्त्यावर मार खाऊन ज्यांनी देशाच्या गळी उतरवली, ती हीच माणसं. आमचा व्हिसा तिथून आला.

घराचंही तसंच. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. घरविक्रीत वर्णभेद करायला बंदी घालणाऱ्या कायद्याचं विधेयक संसदेत अडकून पडलं होतं. ते हत्येनंतर सुटलं आणि ११ एप्रिलला त्यावर सही झाली. १९७८ साली आम्ही ५२ हजार डॉलरला हे घर घेऊ शकलो, ‘कॉकेशियन वंशाखेरीज’ ही अट असूनही, ती त्या आठवड्यामुळे. तो कायदा यायला तिच्या वडिलांच्या दृष्टीनं फार उशीर झाला होता आणि आम्ही अगदी वेळेवर आलो.

पुढचा हिशोब सांगितल्याशिवाय हे पूर्ण होत नाही. नव्वदच्या दशकात लेकीच्या कॉलेजसाठी आम्ही या घरावर कर्ज काढलं. आज घराची किंमत चार लाख डॉलरच्या वर आहे. एका अभ्यासात असं दिसलं की या शहरात ज्या घरांवर अशी अट होती, त्यांची किंमत आजही तशाच इतर घरांपेक्षा सरासरी सुमारे १५ टक्क्यांनी जास्त आहे. म्हणजे माझ्या लेकीच्या फीमध्ये त्या अटीचा वाटा आहे. माझ्या मैत्रिणीचे दोन्ही मुलगे कर्ज काढून शिकले. धाकटा पंचेचाळिशीत ते फेडत होता. मिनेसोटात आज गोऱ्या कुटुंबांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त स्वतःच्या घरात राहतात, कृष्णवर्णीय कुटुंबांपैकी एक तृतीयांशाहून कमी. कोणी म्हणेल, कमी कष्ट केले असतील. तिच्या काकांनीही तिच्या वडिलांबद्दल तेच म्हटलं होतं.

मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसानं गुडघ्याखाली मारलं, तो अडतिसावा रस्ता आणि शिकागो ॲव्हेन्यूचा चौक. आर्थर ली यांच्या घरापासून पायी वीस मिनिटं. त्या आठवड्यात मला भारतातून सतरा फोन आले. दुकानं जळताहेत म्हणे, तुम्ही सुखरूप आहात ना? सगळ्यांनी मायेनं विचारलं. जो मेला तो कोण होता, हे एकानंही विचारलं नाही, आणि मीही आपण होऊन सांगितलं नाही. पुढे २०२२ मध्ये राज्याच्या मानवी हक्क विभागानं चौकशी करून लिहिलं की मिनियापोलिसचे पोलीस वर्ण पाहून वागतात, आणि हे एकट्यादुकट्याचं काम नसून वहिवाट आहे. वहिवाट कुठून आली, ते शहराच्या नकाशावर आधीच लिहिलेलं होतं.

आपल्या वाचकाचं आणखी एक म्हणणं: उकरून काढल्यानं तेढ वाढते. याला उत्तर म्हणून मी डुलुथ हे गाव सांगेन. सुपीरियर सरोवराच्या काठचं, आमचं दर उन्हाळ्याचं ठिकाण. १५ जून १९२० ला तिथे एलायस क्लेटन, एल्मर जॅक्सन आणि आयझॅक मॅकगी हे सर्कशीत काम करणारे तीन कृष्णवर्णीय तरुण तुरुंगातून ओढून काढून दिव्याच्या खांबाला टांगले गेले. आरोप एका गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा, तिला तपासणाऱ्या डॉक्टरला तसली काही खूण सापडली नव्हती. जमाव हजारोंचा. प्रेतांसोबत फोटो काढून त्याची पोस्टकार्डं विकली गेली. खुनाबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. तिघंजण दंगलीच्या आरोपावरून आत गेले आणि सव्वा वर्षाच्या आत बाहेर आले. यानंतर गाव सत्तर वर्षं गप्प बसलं. कबरींवर नावसुद्धा नव्हतं, ती १९९१ साली लागली.

आम्ही १९७६ पासून त्या गावी जात होतो. मासे खाल्ले, जहाजं पाहिली. कोणी एक शब्द काढला नाही. ऑक्टोबर २००३ मध्ये त्याच चौकात भिंतीतून पुढे आलेल्या तिघांच्या पूर्णाकृती काशाच्या मूर्ती उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा एक म्हातारा गोरा माणूस तिथे टोपी काढून उभा होता. ह्यांनी विचारलं, “तुम्ही इथलेच?” तो म्हणाला, “माझे वडील त्या रात्री गर्दीत होते. घरात कधी बोलले नाहीत. मला ते पोस्टकार्ड त्यांच्या पेटीत सापडलं.” आणि मग तो बोलतच राहिला, अर्धा तास, अनोळखी माणसांशी. तेढ वाढल्याचं माझ्या तरी पाहण्यात आलं नाही. त्या गप्प बसण्याचा भार गोऱ्या माणसानंही वाहिला होता, एवढं दिसलं.

त्या हत्यांनंतर सेंट पॉलच्या नेली फ्रान्सिस या कृष्णवर्णीय बाईंनी खटपट करून १९२१ साली राज्यात झुंडबळीविरोधी कायदा करून घेतला. तीन वर्षांनी त्या आणि त्यांचे यजमान गोऱ्यांच्या वस्तीत राहायला गेले, तर त्यांच्याच अंगणात धमकी म्हणून क्रूस जाळले गेले. कायदा करणारी बाई आणि घर नाकारली गेलेली बाई एकच. देशपातळीवर असा कायदा व्हावा म्हणून पहिलं विधेयक १९०० साली संसदेत आलं, मंजूर झालं २०२२ साली. एकशे बावीस वर्षं.

आपल्या भाषेतली एक गोष्ट इथे आठवते. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, ज्यांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली. त्याच १८७३ सालच्या ईस्टरच्या दिवशी लुईझियाना राज्यात कोलफॅक्स इथल्या कचेरीभोवती गोऱ्या सशस्त्र टोळीनं कृष्णवर्णीयांची कत्तल केली. शरण आलेल्यांनाही मारलं. ज्या थोड्या लोकांवर दोष सिद्ध झाला, त्यांना सर्वोच्च न्यायालयानं १८७६ साली सोडून दिलं. १९५० साली तिथे राज्य सरकारनं पाटी लावली: ‘कोलफॅक्सची दंगल’. तीन गोरे आणि दीडशे निग्रो मारले गेले, आणि यामुळे दक्षिणेतला, उत्तरेतून आलेल्या उपऱ्यांचा गैरकारभार संपला, असं तिच्यावर कोरलेलं होतं. कत्तलीला सुटका म्हणणारी ती पाटी २०२१ पर्यंत उभी होती. एकाहत्तर वर्षं तिथल्या शाळेत जाणाऱ्या मुलांनी ती वाचली. इतिहास उकरू नका म्हणणाऱ्यांना मला हे सांगायचं आहे की इतिहास कधीच पुरलेला नव्हता. फक्त एका बाजूनं लिहिलेला, चांगला धातूत ओतलेला, भर रस्त्यात उभा होता.

फुल्यांनी ज्यांचा गौरव केला ती माणसं खरोखर होऊन गेली, त्यांचं काम अर्ध्यावर तुटलं एवढंच. ते पुढे नेणारे आजही आहेत, म्हणून मला आशा आहे. अलाबामातल्या माँटगमेरीत झुंडबळींचं स्मारक २०१८ पासून उभं आहे. आठशेहून अधिक पोलादी स्तंभ, एकेका काउंटीचा एकेक, त्यावर १८७७ ते १९५० या काळातल्या ४,४०० हून जास्त बळींची नावं. आपण आत शिरतो तेव्हा स्तंभ समोर उभे असतात. पुढे जमीन खाली उतरत जाते आणि ते डोक्यावर टांगलेले दिसू लागतात. डुलुथचा स्तंभ मी तिथे शोधला. मैत्रीण बरोबर होती. तिच्या आजीचं गाव जिथे होतं त्या काउंटीचाही सापडला. तिथे ती तासभर बसली, मी बाजूला थांबले.

बोलण्यानं पोट भरत नाही, हेही खरं. म्हणून हिशोबाची भाषा हवीच. रोंडोबद्दल सेंट पॉलच्या महापौरांनी आणि राज्याच्या वाहतूक खात्यानं २०१५ मध्ये जाहीर माफी मागितली. नंतर शहरानं ज्यांची घरं गेली त्यांच्या वंशजांना घर घेण्यासाठी मदत देणारा निधी काढला. आजोबांचं घर तिथे होतं हे त्यासाठी दाखवावं लागतं. म्हणजे आधी नोंद हवी, मग पैसा. वॉशिंग्टन राज्यानं २०२३ मध्ये याच खरेदीखतातल्या अटींमुळे वंचित राहिलेल्या कुटुंबांसाठी कायदा केला आणि प्रत्येक दस्तनोंदणीवर १०० डॉलर आकार लावून पैसा उभा केला. कॅलिफोर्नियात ब्रूस या कृष्णवर्णीय कुटुंबाचा समुद्रकाठचा प्लॉट १९२४ साली बागेच्या नावाखाली बळकावला होता, तो २०२२ मध्ये वारसांना परत मिळाला. १९४२ साली छावण्यांत डांबलेल्या जपानी अमेरिकनांना १९८८ च्या कायद्यानं माफी आणि माणशी २० हजार डॉलर दिले गेले. हे सगळं पुरेसं आहे असं मी मुळीच म्हणत नाही. ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात गोऱ्या जमावानं १९२१ साली कृष्णवर्णीयांची वस्ती जाळली, ती जळताना पाहिलेल्या शेवटच्या म्हाताऱ्या बायांचा दावा २०२४ मध्ये ओक्लाहोमाच्या न्यायालयानं फेटाळला. पण जिथे काही दिलं गेलं, तिथे आधी कोणीतरी कागद काढून, नाव घेऊन, काय केलं ते मोजलं होतं.

आणि नेमक्या याच वेळी वारं उलटं फिरलं आहे. मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढून स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालयांतून ‘अयोग्य विचारसरणी’ काढून टाकायला सांगितलं. काही राज्यांत शाळेत हे विषय कसे शिकवावेत यावर बंधनं आली आहेत. अशा दिवसांत ‘पुढे बघा’ हा सल्ला मला निरुपद्रवी वाटत नाही.

माझ्या घरापुरतं काय केलं ते सांगते. मिनेसोटानं २०१९ मध्ये कायदा केला, त्यानुसार घरमालक अशी अट निरस्त झाल्याचा दस्त नोंदवू शकतो. ‘जस्ट डीड्स’ या उपक्रमात वकील त्यासाठी फुकट मदत करतात. मला सगळ्यात पटलं ते हे की जुनी ओळ खोडली जात नाही. ती तशीच राहते आणि तिच्यापुढे नवा दस्त लागतो: ही अट होती, आणि आता या मालकानं ती नाकारली आहे. नोटरीपुढे सही करायला मी मैत्रिणीला बरोबर घेऊन गेले होते. साक्षीदार लागत नाही असं तिथल्या मुलीनं सांगितलं, तरी ती शेजारी बसून राहिली.

मिनियापोलिस आणि परिसरात आज मराठी घरं पुष्कळ आहेत. गणपतीला सभागृह भरतं. यातल्या प्रत्येकाला विनंती: मॅपिंग प्रेजुडिसचा नकाशा सगळ्यांसाठी खुला आहे, त्यात आपला पत्ता शोधा. अट निघाली तर दस्त नोंदवा, आणि नोंदवण्याआधी मुलांना बसवून ती मोठ्यानं वाचून दाखवा, ‘नोकरचाकर’ या शब्दासकट. इतर राज्यांत राहणाऱ्यांनी आपली ॲबस्ट्रॅक्टं, डीड्स, सोसायट्यांची जुनी नियमपत्रकं काढून बघावीत. आणि ऑफिसातल्या कोणी कधी आपल्या वडिलांबद्दल असं काही सांगू लागलं, तर मध्ये बोलू नका, ऐकून घ्या.

मैत्रिणीनं झेरॉक्स वडिलांच्या रेल्वेच्या ओळखपत्रासोबत ठेवली आहे. तिचा धाकटा मुलगा आता रोंडोच्या निधीसाठी अर्ज करतो आहे. आजोबांच्या घराचा कर भरल्याची एक पावती त्याला सापडली आहे, दुसरी तो शोधतो आहे.

आपली,
एक जुनी वाचक
मिनियापोलिस, मिनेसोटा
(कृपया नाव छापू नये.)